स्तनातील साधी गाठ: शस्त्रक्रियेचा निर्णय, तयारी आणि नंतरची काळजी

स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पंधरा ते पस्तीस या वयोगटातील स्त्रीला आंघोळ करताना किंवा कपडे बदलताना जी घट्ट, गुळगुळीत, दाबल्यास फारशी न दुखणारी आणि बोटांखालून सटकणारी गाठ अचानक जाणवते, ती बहुधा फायब्रोॲडिनोमा या प्रकारची असते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे आतले अस्तर आणि त्या ग्रंथींना आधार देणारी तंतुमय ऊती या दोहोंची एकाच ठिकाणी जादा वाढ झाली की ही गाठ बनते. तिच्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम होत असल्याने ती गरोदरपणात मोठी होऊ शकते आणि पाळी कायमची थांबल्यानंतर बहुधा आक्रसते. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८२९ मध्ये स्तनाच्या विकारांवरील आपल्या सचित्र ग्रंथात, सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळण्यापूर्वीच, अशा सरकत्या आणि निरुपद्रवी गाठींचे वर्णन कर्करोगाहून वेगळे केले होते. गाठ साधी किंवा सौम्य आहे असे म्हणताना तीन गोष्टी अभिप्रेत असतात: ती शेजारच्या ऊतींत घुसत नाही, काखेतल्या लसिकाग्रंथींत किंवा दूरच्या अवयवांत पसरत नाही आणि जिवाला धोका निर्माण करत नाही.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की अशा गाठीच्या शस्त्रक्रियेला जवळजवळ कधीच घाई नसते. तरीही प्रत्यक्षात गाठ सापडल्याच्या भीतीने काही कुटुंबे निदान पुरे होण्याआधीच शस्त्रक्रियेची तारीख ठरवून मोकळी होतात, तर काही ठिकाणी लाजेपोटी किंवा लग्न ठरायचे आहे म्हणून गाठ वर्षानुवर्षे कोणालाच दाखवली जात नाही. दोन्ही वर्तनांत एकच चूक आहे: गाठ साधी आहे की नाही हे तपासण्यांऐवजी मनाने ठरवले जाते. हातात असलेला वेळ आधी निदान पक्के करण्यासाठी आणि मग शस्त्रक्रिया खरोखर हवी का, हवी असल्यास कोणत्या पद्धतीने, हे ठरवण्यासाठी वापरला गेला पाहिजे.

निदान तीन पायऱ्यांनी होते आणि तिन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले तरच गाठ साधी असल्याचे मानले जाते. पहिली पायरी डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी. तीत दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरचा भाग पाहिला जातो. या साध्या तपासणीला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ पासून वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर दीर्घकालीन अभ्यास केला, ज्यात निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका केवळ हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात कर्करोग अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरी पायरी प्रतिमा-तपासणीची. तरुण स्त्रीच्या स्तनातील ऊती दाट असल्याने क्ष-किरणांच्या मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून या वयात सोनोग्राफी अधिक उपयोगी ठरते. चाळिशीनंतर मात्र दोन्ही तपासण्या केल्या जातात. अहवालाच्या शेवटी बहुधा ‘बायरॅड्स’ या शब्दापुढे शून्य ते सहा यांपैकी एक आकडा दिलेला असतो. दोन म्हणजे निश्चितपणे साधी, तीन म्हणजे बहुधा साधी आणि कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नाही, तर चार व पाच म्हणजे संशयास्पद, ज्यात सुईची तपासणी टाळता येत नाही. शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसून ‘आणखी तपासणी हवी’ असा असतो. अहवाल घरी वाचणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

तिसरी पायरी सुईची. बारीक सुईने केवळ पेशी ओढून घेणे ही तिची एक रीत आणि जाडसर सुईने गाठीच्या आतला बारीकसा तुकडा काढणे, म्हणजे कोअर बायॉप्सी, ही दुसरी; तुकड्यात पेशींची मांडणीही दिसत असल्याने दुसऱ्या रीतीचे निदान अधिक खात्रीचे असते. सुई किंवा लोखंड लागले की गाठ ‘बिघडते’ आणि कर्करोग पसरतो, हा समज शहरांतही घट्ट रुजलेला आहे आणि त्यापायी अनेक स्त्रिया ही तपासणी नाकारतात. वस्तुतः सुईमुळे साध्या गाठीचे कर्करोगात रूपांतर होत नाही, आणि गाठ कर्करोगाची निघालीच तर शस्त्रक्रियेपूर्वी ते कळल्यामुळे उपचारांची आखणी योग्य होते. निदानाशिवाय गाठ ‘साधी’ समजून काढली आणि नंतर ती कर्करोगाची ठरली, तर दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड होऊन बसते. खरे नुकसान होते ते तिथे. चाळिशीनंतर नव्याने आलेली गाठ, स्तनाग्रातून येणारा रक्तमिश्रित स्राव, आत ओढले गेलेले स्तनाग्र, गाठीवरील त्वचेला पडलेली खळी किंवा काखेतील गाठ, यांपैकी काही असल्यास वय कितीही असले तरी तपासणी पुढे ढकलू नये.

तिन्ही पायऱ्यांवर गाठ साधी ठरली, ती तीन सेंटिमीटरहून लहान असली आणि वाढत नसली, तर ती काढलीच पाहिजे असे नाही. सहा महिन्यांनी आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून आकार नोंदवत राहणे हा पूर्ण मान्यता असलेला पर्याय आहे, कारण अशा अनेक गाठी तशाच राहतात आणि काही आपोआप लहान होतात. गाठ ‘विरघळवणाऱ्या’ चूर्णांची आणि लेपांची ख्याती बहुधा या नैसर्गिक आक्रसण्यावर उभी असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले आणि मुख्यतः संततिनियमनासाठी वापरले जाणारे सेंटक्रोमन हे औषध काही भारतीय शल्यचिकित्सक स्तनातील वेदना आणि लहान गाठींसाठी देतात. मात्र मोठ्या आणि जुन्या गाठीबाबत त्यावर विसंबता येत नाही, शिवाय त्याने पाळी लांबू शकते, म्हणून ते देखरेखीशिवाय घेण्याजोगे नाही.

शस्त्रक्रियेचा सल्ला साधारणपणे पुढील परिस्थितींत दिला जातो: गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी आहे किंवा थोड्या काळात झपाट्याने वाढली आहे, तिच्यामुळे स्तनाचा आकार बदलला आहे किंवा सतत दुखते, तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, अथवा सुईच्या अहवालात पेशींची असाधारण ठेवण दिसली आहे. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीबाबत डॉक्टरांच्या मनात फायलोड्स या प्रकारच्या गाठीची शंका असते. ती फायब्रोॲडिनोमासारखीच दिसते, परंतु पूर्णपणे न निघाल्यास पुन्हा येते आणि क्वचित घातकही असते, म्हणून ती भोवतालच्या निरोगी ऊतीच्या पट्ट्यासह काढावी लागते. दुग्धनलिकेच्या आत वाढणाऱ्या पॅपिलोमा या गाठीत ती नलिकाच काढून टाकतात. केवळ पाण्याने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट, असेल तर सुईने पाणी काढणे बहुधा पुरते. या सर्व कारणांच्या जोडीला आणखी एक कारण डॉक्टर मान्य करतात, आणि ते म्हणजे गाठ अंगात आहे या विचाराने स्त्रीला स्वस्थता नसणे. ते कारण दुय्यम नाही. मात्र ती अस्वस्थता तिची स्वतःची असावी, स्थळ पाहायला येणाऱ्यांची किंवा नातेवाइकांची नसावी. सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती आणि सही पुरेशी असते.

एकाच वेळी अनेक गाठी असल्यास सगळ्या काढण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक गाठीबरोबर थोडी निरोगी ऊतीही दुखावते, छेदांची संख्या वाढते, आणि गाठी होण्याचा कल शरीरात तसाच राहत असल्याने नव्या गाठी येणारच नाहीत याची हमी कोणताही शल्यचिकित्सक देऊ शकत नाही. त्यांतील मोठी किंवा वाढणारी काढून उरलेल्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवणे हा मार्ग बहुतेकदा पुरतो.

छेद कोठे घेणार, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारण्याजोगा आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने घेतलेल्या छेदाचा व्रण रंगांच्या सीमेवर लपून जातो, परंतु त्यातून दूर असलेल्या गाठीपर्यंत पोचताना काही दुग्धनलिका दुखावण्याची आणि स्तनाग्राची संवेदना काही काळ मंदावण्याची शक्यता असते. स्तनाच्या खालच्या घडीत घेतलेला छेदही झाकला जातो आणि मोठ्या किंवा मागच्या बाजूच्या गाठीसाठी तो सोयीचा असतो. गाठीच्या अगदी वर, त्वचेच्या नैसर्गिक रेषांना धरून घेतलेला छेद सर्वांत सरळ मार्गाचा, पण दिसणारा. ज्या स्त्रीला पुढे बाळाला अंगावर पाजायचे आहे तिने ते आधीच स्पष्ट सांगावे. एका छेदाने दूध पाजण्याची क्षमता सहसा जात नाही, तरी त्या माहितीने छेदाची निवड बदलू शकते. ज्यांच्या कान टोचलेल्या जागी किंवा जुन्या जखमांवर जाड, उंचवटा आलेले, खाजरे व्रण, म्हणजे किलॉइड, आले आहेत त्यांनीही ते लपवू नये. लहान गाठींसाठी आता निर्वात चोषणाच्या सुईची सोय मोठ्या शहरांत मिळते. सोनोग्राफीत पाहत, काही मिलिमीटरच्या छेदातून गाठ तुकड्यातुकड्यांनी ओढून काढली जाते. व्रण नगण्य राहतो, पण खर्च अधिक असतो, आणि गाठ अखंड मिळत नसल्याने फायलोड्सची शंका असताना ही पद्धत बहुधा टाळली जाते. हाताला न लागणारी गाठ काढायची असेल तर त्याच दिवशी आधी सोनोग्राफीखाली तिच्यात बारीक तार बसवून जागा निश्चित करतात.

लहान आणि त्वचेजवळची गाठ स्थानिक भूल देऊन, म्हणजे केवळ तो भाग बधिर करून काढता येते. मोठी, खोल किंवा एकाहून अधिक गाठी असल्यास, किंवा रुग्ण फार घाबरलेली असल्यास, पूर्ण भूल दिली जाते. शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या ते एका तासाची असते आणि रुग्णाला बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. विम्याच्या दृष्टीने ही गोष्ट आधी तपासावी, कारण चोवीस तास दाखल न राहता होणाऱ्या शस्त्रक्रियांना विमा कंपन्या ‘डे-केअर’ या सदरात धरतात. नियोजित शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी घ्यावी आणि सोनोग्राफी व सुईचे अहवाल सोबत जोडावेत, जेणेकरून ती केवळ सौंदर्यासाठी केल्याचा आक्षेप येणार नाही. खर्च परवडत नसल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील शल्यचिकित्सा विभाग, उदाहरणार्थ पुण्याचे ससून किंवा गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय, ही शस्त्रक्रिया नेहमीची म्हणून करतात.

पूर्वतयारीत रक्ताच्या साध्या तपासण्या आणि वय किंवा आजारानुसार हृदयाचा आलेख व छातीचा एक्स-रे येतो. चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञांना सांगावी, आणि तीत रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या व गर्भनिरोधक गोळ्यांबरोबरच आयुर्वेदिक काढे आणि पूरक गोळ्याही येतात, कारण त्यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. कोणती गोळी बंद करायची आणि कोणती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची हे डॉक्टरच ठरवतात. स्वतःहून काही थांबवू नये. गरोदर असण्याची शक्यता असल्यास ती सांगणे अत्यावश्यक आहे. पूर्ण भूल द्यायची असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास घन अन्न व दूध आणि दोन तास पाणीसुद्धा वर्ज्य असते. दुधाचा चहा हा ‘पातळ पदार्थ’ समजून घेतला जातो आणि त्यामुळे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, हे वारंवार घडते. पाळी आली म्हणून तारीख बदलण्याचे वैद्यकीय कारण सहसा नसते. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी आणि नखांचा रंग घरीच उतरवून ठेवावा. रंगामुळे बोटाला लावलेल्या यंत्राचे ऑक्सिजनचे मोजमाप चुकू शकते. समोरून बटणे असलेला सैल कुर्ता किंवा गाऊन आणि तारेविना पण घट्ट आधार देणारी ब्रा सोबत न्यावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्यापूर्वी, रुग्ण पूर्ण जागी असताना, कोणत्या स्तनातील कोणती गाठ काढायची हे डॉक्टरांनी तपासून त्वचेवर पेनाने खूण केली पाहिजे. आडवे झाल्यावर सरकती गाठ सापडेनाशी होते, त्यामुळे ही खूण अनेक गाठी असताना विशेष मोलाची ठरते. खूण झाली नसेल तर रुग्णाने ती करून मागणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. संमतिपत्र समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे आणि त्यात डावी-उजवी बाजू बरोबर लिहिली आहे हे पाहावे.

काढलेल्या गाठीचे पुढे काय होते, याकडे नातेवाइकांचे लक्ष सर्वांत कमी असते, आणि खरे तर ते सर्वांत अधिक हवे. मोठ्या रुग्णालयात गाठ परस्पर विकृतिशास्त्र विभागात जाते. लहान इस्पितळांत मात्र ती बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि प्रयोगशाळेत पोचवण्यास सांगितले जाते. बरणीत दहा टक्के फॉर्मॅलिनचे द्रावण गाठ पूर्ण बुडेल इतके भरपूर असावे. साधे पाणी किंवा सलाइन चालत नाही, त्यात ऊती खराब होऊन निदान अशक्य होऊ शकते. बरणीवर रुग्णाचे नाव, बाजू आणि तारीख लिहिलेली असावी, ती त्याच दिवशी पोचवावी आणि पावती जपावी. दोन ठिकाणी तपासून खात्री करावी या हेतूने गाठ कापून दोन प्रयोगशाळांत देऊ नये. दुसरे मत हवे असल्यास पहिल्या प्रयोगशाळेकडून तयार काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घेता येतात. गाठ साधीच दिसत होती म्हणून तपासणीचा खर्च वाचवला, असे कधीही होता कामा नये.

भूल उतरल्यावर होणारी वेदना बहुधा पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळीने आटोक्यात राहते. पहिला आठवडा ते दहा दिवस आधार देणारी ब्रा रात्रीही घालून ठेवल्यास स्तनाचा भार टाक्यांवर येत नाही आणि पोकळीत रक्त किंवा पाणी साठण्याची शक्यता कमी होते. अंगावरून आंघोळ केव्हा करायची हे ड्रेसिंगच्या प्रकारावर अवलंबून असल्याने ते घरी निघण्यापूर्वी विचारावे. विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत, इतर टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. हात खांद्यापर्यंत हलवत ठेवावा, वेणी घालण्यासारखी हलकी कामे लवकर सुरू करावीत. पण भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर, मोठे मूल उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे आणि गर्दीच्या वेळी लोकलमध्ये रेटारेटी सोसणे दोनएक आठवडे टाळावे. पूर्ण भूल घेतल्यास पहिले चोवीस तास वाहन चालवू नये.

टाके ‘पिकतील’ या भीतीने आंबट, वांगे, भात आणि डाळ बंद करून रुग्णाला पेजेवर ठेवण्याची घराघरांतली रीत उलट परिणाम करते, कारण जखम भरायला प्रथिने लागतात. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे चालत असेल ते खावे. जखमेवर हळद, राख किंवा तेल लावू नये. जखमेभोवती थोडे निळेपण आणि व्रणाखाली काही आठवडे जाणवणारा कडकपणा स्वाभाविक आहे, आणि हा कडकपणा म्हणजे गाठ परत आली असे समजून घाबरणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. याउलट काही तासांत स्तन एका बाजूने फुगून ताणल्यासारखा दुखू लागणे, ड्रेसिंग ताज्या रक्ताने भिजत राहणे, ताप, वाढती लाली, पू किंवा दुर्गंधी यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या जखमेतून काही दिवस दूध झिरपू शकते; पाजणे चालू ठेवावे की नाही हे शल्यचिकित्सकांना विचारूनच ठरवावे.

विकृतिशास्त्राचा अहवाल यायला साधारण आठवडा लागतो, आणि टाके निघाल्यावर तो आणायचा राहून जातो. तो डॉक्टरांना दाखवून त्यातील निदान समजून घेईपर्यंत उपचार पुरे झाले असे समजू नये. साधा फायब्रोॲडिनोमा असल्यास पुढे औषधाची गरज नसते आणि कर्करोगाचा धोकाही उल्लेखनीय वाढत नाही. अहवालात फायलोड्स लिहिले असल्यास काढलेल्या ऊतीच्या कडा गाठीच्या पेशींपासून मुक्त आहेत का हे पाहून पुन्हा थोडी ऊती काढावी लागू शकते. पेशींची असाधारण वाढ नोंदली असल्यास पुढची नियमित तपासणी आयुष्यभर महत्त्वाची ठरते, आणि आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असल्यास त्याची माहिती याच भेटीत द्यावी. सोनोग्राफी, सुई आणि काढलेली गाठ यांचे तिन्ही अहवाल तारखांसह एका फाइलमध्ये ठेवावेत आणि शहर बदलले तरी ती फाइल सोबत न्यावी, कारण पुढे कधी त्याच किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ आढळली तर नव्या डॉक्टरांना सर्वप्रथम तीच लागते, आणि ती नवी गाठही जुन्या निदानाच्या भरवशावर न सोडता पहिल्या पायरीपासून तपासली जाते.